तीन बोंबलांचा करार

माणूस इतर प्राण्यांपेक्षा श्रेष्ठ ठरला तो भाषेमुळे नव्हे, अग्नीमुळे नव्हे आणि हाताच्या अंगठ्यामुळे तर मुळीच नव्हे. तो श्रेष्ठ ठरला करारामुळे. वाघ वाघाला लेखी काही देत नाही, म्हणून तो अजून जंगलात आहे; आणि तिथूनही त्याला काढताहेत, कारण सातबारा त्याच्या नावावर नाही. हा सिद्धान्त मी तारापूरच्या एका रसायन कारखान्याच्या खरेदी खात्यात एकतीस वर्षं बसून सिद्ध केला. माझ्या कारकिर्दीत कारखान्याने अटी-शर्तींवाचून एक झाडूसुद्धा विकत घेतला नाही. झाडूच्या करारात भूकंप, पूर आणि परचक्र अशा तिन्ही प्रसंगी काय करायचं याचं वेगळं कलम होतं.

असा हा मी, मे महिन्यातल्या एका मंगळवारी, बोईसरच्या बाजारात, डोक्यावर ओला रुमाल टाकून उभ्या उभ्या दोन हजार चौरस फुटांची गच्ची तोंडी देऊन बसलो. गच्ची माझी नव्हती. मोबदला होता तीन सुके बोंबील.

पुष्पलताबाई दातिवऱ्याच्या. वीस वर्षं आमच्या घरी सुकी मासळी त्यांच्याकडूनच येते. थंडीपासून समुद्रकाठी वाळवलेला माल गोण्यांत भरून त्या मेमध्ये बोईसरला आणतात, बाजारामागे एक खोली भाड्याने घेतात आणि पावसाळ्याची बेगमी करणाऱ्या घरांना पुरवतात. त्यांच्या धंद्याचा एक दंडक आहे. बोंबील शंभर मोजायचे आणि मग वर दोन-तीन घालायचे. हे वरचे मागण्याचा हक्क गिऱ्हाइकाचा, आणि ते कुरकुरत देण्याचा हक्क त्यांचा. या प्रथेकडे मी आजवर निव्वळ सौजन्य म्हणून बघत आलो होतो. खरेदी खात्यातल्या माणसाने सौजन्य या गोष्टीकडे इतक्या निष्काळजीपणे बघू नये.

त्या दिवशी बाई भांडत नव्हत्या. मी मुद्दाम भाव निम्मा करून मागितला, तरी नुसतं "बगा आता" म्हणाल्या. मला काळजी वाटली.

"काय झालं, पुष्पलताबाई?"

"काय व्हायचं, भाऊ. शनवारी अवकाळी पडला ना, खोलीचा पत्रा गळला. चार गोणींनी ओल धरली. आजून बुरशी नाय आली. पन दोन दिवस कडक ऊन नाय दाखवलं, तर सगळा माल खाडीत टाकायचा. सगळ्या हंगामाची मेहनत हाय ती."

"मग दाखवा ऊन. ऊन फुकट आहे."

"ऊन फुकट हाय, जागा नाय. कुंभवलीला माज्या बहिनीचा पोरगा हाय, धीरज. कंपनीत हाय. त्याचा स्लॅब हाय. बोलला, घे मावशी. पन चार गोणी टेम्पोनं तितं न्यायच्या, परत रविवारच्या बाजाराला हितं आनायच्या."

समोरच्या बाईचा चेहरा पडला की माझ्यातला खरेदी अधिकारी चहा प्यायला बाहेर जातो. तो तसा गेला.

"आमची गच्ची आहे की," मी म्हणालो. "बाजारापासून दोन मिनिटांवर. गुरुवार आणि शुक्रवार घ्या. पण मग वर काय घालाल?"

हा विनोद होता. वाचकांनी कृपया नोंद घ्यावी. पुढे ती कोणीच घेतली नाही.

"शब्द?" बाईंनी विचारलं.

"सावे बोलला म्हणजे बोलला."

त्यांनी मोजलेल्या शंभरावर निवडून तीन बोंबील घातले आणि तिथल्या तिथे फोन लावला. "धीरज, नको रं तुजा स्लॅब. भाऊंची गच्ची भेटली." मी घरी निघालो तेव्हा भूदानात जमीन दिलेल्या माणसाची चाल माझ्या पायांत आली होती.

"कोणाची गच्ची?" आनंदीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, विचारलं.

"आपली."

"आपली बाल्कनी आहे. आठ बाय चार. तीत तुमची आरामखुर्ची आहे. गच्ची सोसायटीची आहे, आणि तिच्या दारावर पाटी आहे."

पाटी होती, यात वाद नाही. तिचा मसुदा माझाच. 'गच्चीवर पापड, कुरडया, गहू व तत्सम वस्तू सचिवांच्या पूर्वपरवानगीने वाळवता येतील. पतंग, सायकल व मोबाइलवर मोठ्याने बोलणारे यांस मनाई.' म्हणजे परवानगीपुरताच प्रश्न होता. मी दोन मजले उतरून सचिव ललितभाईंकडे गेलो. ललितभाई सज्जन माणूस आहे. शाकाहारी इतका, की भरल्या वांग्याचं पोटही हळहळत चिरतो.

"बोंबील तत्सम वस्तूंत येतो," मी म्हणालो. "पातळ असतो, वाळवतात, तळतात आणि मोडला की आवाज होतो. पापडाची सगळी लक्षणं आहेत."

"सावेकाका," ललितभाई शांतपणे म्हणाले, "पापडला डोळे नसतात."

डोळ्यांचं कलम मी मसुद्यात घातलंच नव्हतं. परवानगी हवी तर समितीची बैठक, बैठकीसाठी चौदा दिवसांची नोटीस, असं त्यांनी मला माझ्याच नियमावलीतून वाचून दाखवलं. स्वतःच्या कलमांनी मार खाणं कसं असतं, ते ज्याने कलमं लिहिली आहेत त्यालाच कळेल.

मी परत बाजारात गेलो आणि धीरजच्या स्लॅबची सहज चौकशी केल्यासारखी केली. मावशी नको म्हणताच धीरजने स्लॅबवर शेजाऱ्यांच्या लग्नाचा मांडव घालू दिला होता, तो रविवारपर्यंत हलणार नव्हता. "बरं झालं तुमी हाव," पुष्पलताबाई म्हणाल्या. एखाद्याने विश्वास टाकला की तो नेमका पोटात कुठे पडतो, ते मला त्या वेळी बोट ठेवून दाखवता आलं असतं.

एव्हाना बातमी इमारतभर झाली होती. आमच्याकडे बातमी लिफ्टने जात नाही. लिफ्ट दीड वर्ष बंद आहे. बातमी जिन्याने जाते आणि प्रत्येक मजल्यावर सल्ला घेऊन परत येते. तिसऱ्या मजल्यावरच्या स्वातीताई म्हणाल्या, दोन दिवस फोन बंद ठेवा. तळमजल्यावरच्या बबलू मेडिकलवाल्याने विचारलं, आजारी पडता का, कागदाची व्यवस्था होईल, कावीळ सध्या चांगली चालते. आणि एकनाथराव स्वतः वर आले. एकनाथराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेत, पण कचेरी अजून त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही.

"लेखी आहे?" त्यांनी खुर्ची ओढत विचारलं.

"नाही."

"साक्षीदार?"

"बाजार होता सगळा."

"बाजार साक्षीला येत नाही. मग तुम्ही बोललातच नाही. मिटलं. चहा आहे का?"

"एकनाथराव, पण मी बोललो ना."

"कोण म्हणतं?"

"मीच म्हणतोय."

"म्हणू नका," ते म्हणाले. "फायली अशाच बंद होतात."

सल्ला आकर्षक होता. पण उद्या बाजारात मान वर करून चालायचं, तर शब्द बंधनकारक नव्हता असं कुणातरी जाणत्याच्या तोंडून ऐकलेलं असावं, इतकीच माझी माफक इच्छा होती. कारखान्यातले माझे जुने सहकारी, त्यांची मुलगी दीपिका पालघरच्या कोर्टात वकिली करते. बुधवारी सकाळी मी पालघर गाठलं. कोर्टासमोरच्या एका गाळ्यात तिचं टेबल आहे. मी सगळी हकिकत सांगितली आणि शेवटी म्हणालो, "थोडक्यात, लेखी काहीच नाही. सुटलो ना?"

"काका, तोंडी करारही करारच असतो. कायदा अठराशे बहात्तरचा आहे. तेव्हा सही येणारी माणसं किती होती?"

"पण नुसत्या शब्दावर..."

"नुसता शब्द असेल तर सहसा टिकत नाही. मामा म्हणाला, तुला घड्याळ देईन, आणि दिलं नाही, तर कोर्ट म्हणतं, भाच्याने रुसावं. मोबदला नसेल तर करार नाही." मी उठायच्या बेतात होतो. "तुम्ही तिच्याकडून काही घेतलं नाहीत ना?"

मी खाकरलो. "तीन बोंबील."

तिने पेन उघडलं. "तिने आपणहून दिले?"

"मी मागितले."

"शब्द देण्याआधी की नंतर?"

"त्याच वाक्यात."

"आता कुठे आहेत?"

"काल चटणी झाली."

"प्रतिफल उपभोगले," असं तिने कागदावर लिहिलं. आनंदीच्या चटणीबद्दल आजवर बरंच बोललं गेलं आहे, पण हे शब्द मी तिला अजून सांगितलेले नाहीत.

"अगं, पण कुठे दोन हजार फुटांची गच्ची आणि कुठे तीन बोंबील."

"मोबदला पुरेसा होता का, हे कायदा बघत नाही. तुम्ही राजीखुशीने ठरवलंत ना? झालं." मग ती म्हणाली, "बाबा सांगायचे, तुम्ही खरेदी खात्यात होतात."

हे वाक्य तिने टाळलं असतं तरी सल्ला पूर्ण झाला असता.

मी शेवटचा बाण काढला. गच्ची माझी नाहीच. यावर तिचा चेहरा उजळला, जसा डॉक्टरांचा दुर्मीळ आजार सापडल्यावर उजळतो. गच्ची सोसायटीची असल्याने सोसायटी बांधील नाही. पण शब्द माझा असल्याने मी आहे. शब्द मोडला तर नुकसान माझ्या गळ्यात. शिवाय माझ्या भरवशावर तिने हातची जागा सोडली, हेही कोर्ट बघतं.

"म्हणजे ती माझ्यावर दावा लावू शकते?"

"लावू शकते. लावणार नाही."

"का?" मी आशेने विचारलं.

"पहिली तारीख पडेपर्यंत बोंबील राहतील का, काका?"

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून होतो. एकतीस वर्षांत मी शेकडो कलमं लिहिली. भूकंप लिहिला, परचक्र लिहिलं. समोरच्याचा माल दोन दिवसांत सडतो, असं कलम मी एकदाही लिहिलं नव्हतं. उमरोळी मागे पडेपर्यंत माझा निर्णय झाला. करार पाळायचा. मी एकदा ठरवलं की मला कोणी अडवू शकत नाही; आनंदी अडवते, पण तो अपवाद.

संध्याकाळी मी सोसायटीच्या अंगणात सगळ्यांना बोलावलं. बैठक म्हटलं नाही, कारण बैठकीला नोटीस लागते. 'सहज जमणे' याला नियमावलीत बंदी नाही. ती घालायला मीच विसरलो होतो. उभा राहून मी तोंडी करारावर वीस मिनिटं बोललो. प्रस्ताव, स्वीकार, प्रतिफल, भरवसा. बोलता बोलता माझी नजर ललितभाईंवर गेली आणि मला उदाहरण सुचलं.

"समजा, एखाद्या सचिवाने सभेत शब्द दिला की लिफ्ट दिवाळीपर्यंत चालू करतो, आणि त्या शब्दावर सभासदांनी वर्गणी दिली. तर तो नुसता शब्द उरत नाही. करार होतो."

सगळ्या माना ललितभाईंकडे वळल्या.

"कुठल्या दिवाळीपर्यंत, ते मी बोललो नव्हतो," ललितभाई म्हणाले.

पण उशीर झाला होता. कायद्याचं ज्ञान हे गोवरासारखं असतं, एकाला झालं की इमारतीत कुणी सुटत नाही. स्वातीताईंना आठवलं की सोसायटी त्यांच्या खिडकीवर छज्जा घालून देणार होती, आणि त्या भरवशावर त्यांनी ताडपत्री काढून टाकली. बबलूला पार्किंग आठवलं. एकनाथरावांनी पाण्याच्या टाकीसंबंधी शब्द कोणी, कोणत्या तारखेला, कुठल्या पायरीवर उभं राहून दिला, ते सांगितलं. लेखी काहीच नसताना हा माणूस इतकं लक्षात कसं ठेवतो, कळत नाही. मग कुणीतरी म्हणालं, सावेसाहेबांनी नियमावली सोप्या मराठीत लिहून द्यायचं कबूल केलं होतं, आठ वर्षं झाली, आणि त्या दिवशी त्यांनी दोन प्लेट ढोकळा खाल्ला होता.

"तो चहापानाचा भाग होता," मी म्हणालो.

"मला शिलाई मशीनला टेबल करून देतो म्हणाले होते," मागून आनंदीचा आवाज आला. "सव्वीस वर्षं झाली. प्रतिफल दोन्ही वेळ जेवतात."

चळवळ आपल्याच नेत्याला खाते म्हणतात, ते मी वाचलं होतं. मी घाईने विषय गच्चीवर आणला. ललितभाईंना तेवढंच हवं होतं. लिफ्टपासून दूर जाणारी कुठलीही वाट त्या क्षणी त्यांना पवित्र होती.

"द्या गच्ची, सावेकाका. गुरुवार, शुक्रवार, दोन दिवस. माझी ना नाही. पण लेखी करार पाहिजे, स्टँप पेपरवर. वास आला, डाग पडला, कोणी घसरला, सगळं त्यात यायला पाहिजे."

लेखी करार. मला वाटलं, निवृत्त घोड्याला कुणीतरी बिगुल ऐकवला.

गुरुवारी सकाळी आठ वाजता मी स्टँप विक्रेत्याच्या रांगेत होतो. पुष्पलताबाईंना सांगून ठेवलं होतं, करार हातात पडेपर्यंत माल हलवू नका, अर्ध्या तासात येतो. साडेनऊला माझा नंबर आला.

"कारण?" विक्रेत्याने रजिस्टर उघडून विचारलं.

"बोंबील वाळवणे."

त्याने मान वर केली, मला नीट पाहिलं, आणि मान खाली घातली. "भाडेकरार लिहितो."

"भाडं नाहीये."

"मग प्रतिज्ञापत्र लिहू?"

"मी नुसती प्रतिज्ञा केली नाही, बोंबीलही घेतले. तिथेच तर सगळा घोटाळा आहे."

रांगेतल्या लोकांनी दोन गट पाडले. एक भाडेकरारवाला, दुसरा मला बाजूला घ्या म्हणणारा. शेवटी रजिस्टरात 'इतर' पडलं. तिथून शेजारच्या हितेशकडे टायपिंगला. हितेशच्या कॉम्प्युटरमध्ये एकच नमुना होता, फ्लॅट भाड्याने देण्याचा, आणि त्याचा प्रिंटर कोर्टाची तारीख पडते त्या गतीने छापत होता. मी चौदा कलमं सांगितली. त्याने ती त्याच्या कलमांच्या मधेमधे बसवली. त्यामुळे अंतिम दस्तऐवजानुसार पुष्पलताबाई गच्चीच्या भिंतींना खिळे ठोकणार नाहीत, पाळीव प्राणी ठेवणार नाहीत आणि जागा सोडताना पंखे व गिझर चालू स्थितीत परत करतील. दुरुस्त करायला वेळ नव्हता. घड्याळात साडेअकरा झाले होते आणि ऊन, जे फुकट होतं, ते निम्मं संपलं होतं.

मी धापा टाकत पाच मजले चढलो. वाटेत मनात वाक्य जुळवत होतो, की बाई, उशीर झाला खरा, पण कायदा आता पूर्णपणे आपल्या बाजूने आहे.

गच्चीचं दार उघडं होतं. चारही गोण्या रिकाम्या होऊन कोपऱ्यात घड्या घालून ठेवल्या होत्या, आणि पांढऱ्या सिमेंटवर, जुन्या चादरींवर आणि आनंदीच्या दोन साड्यांवर बोंबील या टोकापासून त्या टोकापर्यंत कडक होत पडले होते. आठ वाजल्यापासूनच पडले असावेत. आनंदी पदर खोचून मधली वाट मोकळी करत होती. स्वातीताई बोंबील उलटत होत्या. चादरी ललितभाईंच्या मातोश्रींनी दिल्या होत्या. त्या स्वतः दारात, नाकाला पदर लावून, कुठली चादर कुठे घालायची ते सांगत होत्या. पाटी कुणीतरी काढून एका चादरीच्या कोपऱ्यावर वजन म्हणून ठेवली होती.

"करार झाल्याशिवाय माल चढवायचा नाही, असं ठरलं होतं," मी म्हणालो.

"ऊन थांबतंय होय तुमच्यासाठी," आनंदी म्हणाली. "मीच टेम्पो बोलावला."

पुष्पलताबाईंनी एक बोंबील उचलून मोडला. कट्ट असा आवाज आला. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पूर्वीसारखा भांडखोर दिसला. "वाचला, भाऊ. सगळा माल वाचला." मग त्या स्वातीताईंकडे वळल्या. "तुमचे दोनशे रविवारी. या आजींच्या खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूचे शंभर. आन् समोरच्या घरातल्या नीलेशच्या आईचा जवळा." लेखी काही नव्हतं. मी मोजलं, माझ्यासमोर सहा करार झाले आणि एकातही गिझर नव्हता.

तरी मी चष्मा लावला. कर्तव्य ते कर्तव्य. टाकीच्या सावलीत उभा राहून मी करार पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. एकनाथराव खास ऐकायला आले होते. त्यांनी नववं कलम पुन्हा वाचायला लावलं आणि डोळे मिटून ऐकलं, जसं कुणी ठुमरी ऐकतं. पुष्पलताबाई वाचन चालू असताना एकेक ओळ उलटत माझ्यापासून दूर गेल्या आणि परत आल्या.

"झालं वाचून?"

"झालं."

"म्हंजे आज नी उद्या गच्ची माजी?"

"आता कायदेशीरपणे तुमची."

"ती तर तुमी मंगळवारीच दिली ना." त्यांनी हात पदराला पुसले. "सही कुटं?"

मी जागा दाखवली. त्यांनी सावकाश, पूर्ण नाव लिहिलं, कागद मला परत दिला, आणि कमरेवर हात ठेवून टाकीच्या कठड्याकडे बघितलं. तिथे पाच-सहा कावळे ओळीने येऊन बसले होते आणि फार लक्षपूर्वक खाली पाहत होते.

"भाऊ, एक इचारू का?"

"विचारा ना." मी कागदाची घडी उलगडली. नवव्या कलमाबद्दलच शंका असणार, याची मला खात्री होती.

"तुमी आता रिकामेच हाव. मी दोन घास खाऊन येते, तवर जरा कावळे हाकाल?"